आतली कड

बूट हातात आला की माणूस कळतो.
फॉरवर्डचे चवड्याला फाटतात,
बॅकवाल्यांच्या टाचा ढासळलेल्या असतात,
आणि महिपती साळोखेच्या उजव्या बुटाची
फक्त आतली कड
भाकरीच्या पापुद्र्यागत पातळ.
तिथूनच द्यायचा तो चेंडू.
सतरा हंगाम
नुसता देतच राहिला.

पापाच्या तिकटीला माझं दुकान.
दुकान म्हणजे एक पायरी, ऐरण आणि मी.
उद्यमनगरातनं फौंड्री सुटली की
सायकल भिंतीला टेकवून यायचा,
केसात वाळू, बाहीला ठिणग्यांची भोकं.
“हाफला कशाला रं एवढी पक्की शिवण?
आम्ही काय गोल मारतोय?”

पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव यायचं.
महिपतीचं मी एकदाच वाचलं,
तेही “साळुंखे” छापलेलं.

पण शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरनं
मी चेंडूकडं बघायचोच नाही.
चेंडू यायच्या आधी त्याची मान फिरायची,
इकडं, मग तिकडं,
रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीगत.
मग चेंडू यायचा
आणि लगेच गेलेला असायचा.

त्या वर्षी फायनलला
मुंबईच्या बँकेचा माणूस येणार होता, वही घेऊन.
नोकरी, क्वार्टर, बँकेची जर्सी.
आदल्या रात्री नऊला महिपतीनं बूट आणून टाकले.
तेव्हा स्टड चामड्याचे, एकेकाला तीन खिळे.
दोन्ही बुटांत मिळून छत्तीस ठोकले,
पस्तीस वळवले.
शेवटी आत हात घालून बघायचं असतं,
बाप शिकवून गेला होता.
लाईट गेली होती. मी बघितलं नाही.

पन्नासाव्या मिनिटाला
तो उजवा पाय असा टेकवायला लागला
जसं झोपलेल्या पोराला ओलांडून जावं.
चेंडू डाव्यानं द्यायला लागला,
डाव्यानं दिलेले निम्मे गेले
पलीकडच्या तालमीला.
पायऱ्यांवरनं शिव्या सुरू झाल्या.
मीही एक दिली. चांगली मोठ्यानं.
वहीवाल्यानं वही मिटली
आणि शेंगा घेतल्या.

तिसऱ्या दिवशी बूट आले.
आत काळं पडलेलं रक्त,
आणि छत्तिसावा खिळा
दगडानं ठेचून आडवा केलेला.
केव्हा केला, कुणास ठाऊक.
“एक खिळा वर आलाय बघ,” म्हणाला,
आमटीत मीठ जरा जास्त झालंय
असं सांगावं तसं.
मी पैसे नको म्हटलं.
त्यानं ऐरणीवर दीड रुपया ठेवला.
तो दीड रुपया मी तीन दिवस उचलला नाही,
चौथ्या दिवशी चहाला मोडला.

त्यानंतर नऊ हंगाम खेळला.
मुंबईहून कुणी आलं नाही.
निरोप, हार, फेटा, काही झालं नाही.
एका डिसेंबरात बूट आणलेच नाहीत, एवढंच.
मी फेब्रुवारीपर्यंत
त्याच्या मापाचं चामडं
बाजूला काढून ठेवलं होतं.

आता कापशी चपला घेऊन येतो.
पासष्टी उलटली, गुडघे गेले,
तरी उजवीची आतलीच कड झिजलेली.
“चालताना कुणाला देतोस रं?” मी विचारतो.
तो हसतो, कवळी सांभाळत.

परवा धीर केला.
म्हटलं, “म्हैपत, तो खिळा माझा होता.”
त्याची मान फिरली,
इकडं, मग तिकडं.
“कुठला खिळा?”

खरंच विसरला,
का चेंडू परत माझ्याच पायात ठेवला,
मला कळलं नाही.
मी चपलेत हात घातला, बोटं फिरवली.
“चाळीस होतील,” म्हटलं.
“तीस घे,” म्हणाला,
आणि तिसावर तासभर बसला.